टी पेशींना इतके रिसेप्टर येतात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. रोगप्रतिकारशक्तीचा भाग आठवडाभरात उरकतो, त्यावरचे प्रश्न मात्र महिनाभर पुरतात. काही वर्गातले, काही एमएस्सीला गेलेल्या जुन्या मुलांनी रात्री फोन करून विचारलेले, दोन-तीन पालकांचे. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. ज्या प्रश्नावर जास्त बोलावंसं वाटलं तिथं जास्त बोललोय.

टी पेशी म्हणजे कोणत्या? आणि 'टी' कशाचा?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जन्म अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतल्या मगजात, आणि घडण थायमस ग्रंथीत. 'टी' तो थायमसचा. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागं, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. तिचा काही उपयोग असेल असं फार काळ कुणाला वाटलंच नव्हतं. १९६१ साली जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्लं पुढं संसर्गानं खंगत गेली, आणि दुसऱ्या उंदराची कातडी त्यांना लावली तर त्यांचं शरीर ती नाकारेनासं झालं. आपलं-परकं ओळखणारी माणसंच घरातून गेली होती, म्हणा ना.

रिसेप्टर नेमकं काय ओळखतो? जंतूच ना?

अख्खा जंतू नाही. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, ओळख पटवणारं प्रथिन. टी पेशीचा रिसेप्टर ताटात वाढून दिल्याशिवाय न जेवणाऱ्या पाहुण्यासारखा आहे. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात, आणि एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत ठेवून ते पृष्ठभागावर मांडतात. पहिल्या वर्गाच्या एचएलएवर हा तुकडा साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा असतो. रिसेप्टर तुकडा आणि ताट दोन्ही एकदम चाचपतो. ताट परकं असेल तर ओळखीचा तुकडाही त्याला पटत नाही. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४मध्ये दाखवलं, आणि १९९६चं नोबेल त्यांना मिळालं.

रिसेप्टरच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. प्रत्येकीच्या टोकाला तीन वळ्या असतात. पहिल्या दोन बहुतेक करून ताटाला टेकतात, तिसरी तुकड्याच्या डोक्यावर येते. ही तिसरी वळी, सीडीआर-३, लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत तिथंच आहे.

एका पेशीवर असे हजारो रिसेप्टर असतात, पण जवळजवळ सगळे एकाच घडणीचे. विविधता असते ती पेशी-पेशींमध्ये.

माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. मग कोट्यवधी रिसेप्टर मावतात कुठं?

मावत नाहीत. म्हणूनच शरीर ती तयार ठेवत नाही, सुटे भाग ठेवतं. रिसेप्टरचं अखंड जनुक आपल्याला आईबापांकडून मिळतच नाही. मिळतात ते व्ही, डी आणि जे अशा तीन प्रकारचे तुकडे, आणि प्रत्येक टी पेशी ते स्वतःपुरते जोडून घेते.

बीटा साखळीचे तुकडे सातव्या गुणसूत्रावर आहेत: कामाचे व्ही तुकडे ४८च्या आसपास, डी तुकडे २, जे तुकडे १३. अल्फाचे चौदाव्या गुणसूत्रावर: व्ही ४५च्या आसपास, जे सुमारे ५०, आणि डी नाहीच. प्रत्येक पेशी एक व्ही, (बीटा असेल तर) एक डी आणि एक जे उचलते, मधला डीएनए कापून टाकते आणि टोकं जोडते. कापलेला भाग गेला तो गेला. त्या पेशीच्या पोरीबाळींनाही तो परत मिळत नाही.

शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो, असं दहावीला शिकवतात. ते साधारण खरं आहे, या पेशी सोडून. १९७६मध्ये सुसुमु टोनेगावा यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हे पहिल्यांदा दाखवलं, तेही ॲन्टिबॉडीच्या जनुकात. १९८७चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. टी पेशींच्या रिसेप्टरची जनुकं हाती लागायला १९८४ उजाडलं.

हे कापणं-जोडणं करतं कोण? भलतीकडंच कापलं तर?

कापणारी जोडी रॅग-१ आणि रॅग-२ या प्रथिनांची. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शॅट्झ आणि मार्जोरी ओटिंगर यांनी १९८९ आणि १९९०मध्ये त्यांची जनुकं शोधली.

भलतीकडं कापू नये म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेला खूण असते. आधी डीएनएची सात अक्षरं, सी-ए-सी-ए-जी-टी-जी, मग मोकळी जागा, मग नऊ अक्षरं. मोकळी जागा एक तर १२ अक्षरांची असते, नाहीतर २३ अक्षरांची. म्हणजे डीएनएच्या पिळाचा साधारण एक वेढा किंवा दोन वेढे. बारावाल्या खुणेची जोडी फक्त तेवीसवालीशी लागते. बाराची बाराशी नाही, तेवीसची तेवीसशी नाही. वर्गात मी सांगतो, सगोत्रात सोयरीक होत नाही, बस्स. त्यानंतर हा नियम कुणी विसरलेला मला आठवत नाही.

या नियमानं व्ही-ला व्ही चिकटत नाही. बीटामध्ये मात्र नियमाच्या अक्षराप्रमाणं व्ही थेट जे-लाही जोडता आला असता, मधला डी गाळून. प्रत्यक्षात तसं सहसा होत नाही, कारण खुणांच्या अक्षरांमध्येच आणखी बारीक आवडनिवड आहे. सोयरिकीतही गोत्र जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं थोडंच असतं.

चुका होतात. कधीकधी खुणेसारखं दिसणारं काही भलत्याच जनुकाजवळ सापडतं आणि तिथं कात्री चालते. टी पेशींच्या काही रक्तकर्करोगांत रिसेप्टरच्या जनुकाचा तुकडा पेशी वाढवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसलेला दिसतो.

म्हणजे विविधता तुकड्यांच्या निवडीतून येते, एवढंच?

पाठ्यपुस्तकं बहुधा इथंच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथं सुरू होते. आधी निवडीचाच हिशोब करू. बीटाचा पहिला डी कोणत्याही जे-शी जुळतो, दुसरा डी फक्त पुढच्या सातांशी. म्हणजे डी-जे जोड्या २०. त्याला ४८नं गुणा: ९६०. अल्फाचे ४५ गुणिले ५०, म्हणजे २,२५०. दोन्हींचा गुणाकार एकवीस लाख साठ हजार. आकडा मोठा वाटतो, पण जंतूंच्या दुनियेपुढं तो चिल्लर आहे.

बाकीची विविधता सांध्यात आहे, आणि ती गबाळेपणातून येते. मुद्दाम ठेवलेल्या गबाळेपणातून.

वर्गात मी वर्तमानपत्राची लांब पट्टी घेतो आणि मधोमध दुमडतो. वरची बाजू डीएनएचा एक धागा, खालची दुसरा, आणि घडी म्हणजे कापल्यावर तयार झालेलं बंद टोक. रॅग डीएनए कापतं तेव्हा तुकड्याची दोन्ही धाग्यांची टोकं एकमेकांना जुळून अशीच केसाच्या पिनेसारखी घडी होते. ती उघडायला आर्टेमिस नावाचं एन्झाइम येतं, पण ते बरोबर घडीवर कापत नाही, जरा बाजूला कापतं. कात्रीनं खालच्या कागदावर घडीपासून दोन अक्षरं सोडून चीर द्या आणि पट्टी सरळ करा. घडीजवळ वर 'टी-सी' लिहिलेलं होतं आणि खाली त्याच्या जोडीचं 'ए-जी', तर वर आता 'टी-सी-जी-ए' आलं. खालच्या धाग्याची दोन अक्षरं वर चढून बसली. जनुकात त्या जागी नसलेली अक्षरं नुसती घडी उलगडण्यातून मिळाली. यांना पी-अक्षरं म्हणतात.

मग टोकं कुरतडली जातात. कधी चार अक्षरं जातात, कधी दहा.

मग येतं टीडीटी, आणि हा मला सगळ्यात आवडणारा गडी. डीएनए लिहिणारी बाकीची एन्झाइमं समोरचा धागा बघून लिहितात. टीडीटी काहीही न बघता लिहितं, मनाला येईल ते अक्षर, मनाला येईल तितकी अक्षरं, जी आणि सी जरा जास्त. यांना एन-अक्षरं म्हणतात. ती तुमच्या आईकडं नव्हती, वडिलांकडं नव्हती, पृथ्वीवर कुठं लिहून ठेवलेली नव्हती. शेवटी डीएनए दुरुस्तीची नेहमीची टोळी, कू, एक्सआरसीसी-४, लायगेज-४ वगैरे, येऊन टोकं शिवून टाकते.

त्यात वाचनाची चौकट. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचतात. बीटाचा पहिला डी तुकडा बारा अक्षरांचा: जीजीजी एसीए जीजीजी जीजीसी. सुरुवातीपासून वाचलं तर ग्लायसिन, थ्रिओनिन, ग्लायसिन, ग्लायसिन. एक अक्षर सोडून वाचलं तर ग्लायसिन, ग्लुटामिन, ग्लायसिन. दोन सोडून वाचलं तर ॲस्पार्टिक आम्ल, आर्जिनिन, ग्लायसिन. तुकडा एकच, अर्थ तीन, आणि तिन्ही चालतात. पुढं किती अक्षरं कुरतडली आणि किती चिकटली यावर कोणता अर्थ निघणार ते ठरतं. दुसऱ्या डी तुकड्याला हे जमत नाही. त्याच्या एका चौकटीत टीएजी येतं, म्हणजे पूर्णविराम.

हा सगळा गोंधळ नेमका सीडीआर-३ वळीत होतो, जंतूच्या तुकड्याला शिवणाऱ्या जागी. ताटाला टेकणाऱ्या पहिल्या दोन वळ्या व्ही तुकड्यातून जशाच्या तशा येतात. कुठं नेम ठेवायचा आणि कुठं सैल सोडायचं, हे असं वाटून दिलेलं आहे.

मग शेवटी प्रकार किती?

कागदावरचा हिशोब १०चा पंधरावा घात आणि त्याच्याही वर जातो. दहा कोटी कोटी. शरीरात सगळ्या मिळून टी पेशी आहेत साधारण चाळीस हजार कोटी, आणि त्यातही एकेका प्रकाराच्या अनेक पेशी. एका माणसात प्रत्यक्ष सापडणाऱ्या वेगवेगळ्या बीटा साखळ्यांचे अंदाज दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत आहेत. मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. म्हणजे शक्य असलेल्यांपैकी अगदी थोडेच रिसेप्टर कुणाही माणसात जन्माला येतात.

सर, जंतू आल्यावर त्याच्या मापाची किल्ली बनते ना?

नाही. हा गैरसमज पहिल्या क्रमांकाचा. दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं हेच लिहितात, आणि चूक त्यांची एकट्यांची नाही. 'जंतूविरुद्ध रिसेप्टर तयार होतात' असं वाक्य आपणच सर्रास बोलतो.

रिसेप्टर जंतू यायच्या आधी बनलेला असतो, जंतूची काडीचीही माहिती नसताना. जंतू आल्यावर होतं ते इतकंच, की आधीच फिरत असलेल्या पेशींपैकी ज्या थोड्यांचा रिसेप्टर योगायोगानं जुळतो त्या फुगतात, विभागतात आणि त्यांची फौज होते. निवडीची ही कल्पना बर्नेट यांनी १९५७मध्ये मांडली, ॲन्टिबॉडी बनवणाऱ्या पेशींसाठी.

आपल्याकडं कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये सोयाबीनच्या चार-सहा ओळींमागं तुरीच्या एक-दोन ओळी तो टाकतो, तेव्हा पाऊस ऑगस्टात दडी मारणार की ऑक्टोबरात झोडपणार हे त्याला ठाऊक नसतं. पाऊस बघून पेरायचं म्हटलं तर हंगाम जातो. पेरायचं आधी, आणि सगळं एकच पेरायचं नाही. फरक एवढाच, की शेतकरी दोन पिकं घेतो आणि थायमस कोट्यवधी. आणि थायमसनं पेरलेल्यातलं बहुतेक कधीच कामाला येत नाही.

थायमसमध्ये नेमकं काय घडतं?

मगजातून आलेली पेशी थायमसमध्ये शिरते तेव्हा ती कोरी असते. पुढं टी पेशीच्या ओळखखुणा होणारी सीडी-४ आणि सीडी-८ ही दोन्ही प्रथिनं तिच्यावर नसतात, म्हणून तिला डबल निगेटिव्ह म्हणतात. ती आधी बीटा जोडते: पहिल्यांदा डी-जे, मग त्याला व्ही. चौकट बरोबर बसायची शक्यता तीनात एक. सातव्या गुणसूत्राच्या जोडीतल्या एकावर फसलं तर दुसऱ्यावर प्रयत्न करता येतो. तिथंही फसलं तर पेशी मरते.

बीटा जमली की तिची परीक्षा लगेच होते, अल्फाची वाट न बघता. एक तात्पुरती साखळी, प्री-टी अल्फा, तिला जोडून दिली जाते. सोयरीक ठरवताना खरा नवरदेव हजर नसला तर कुणाला तरी पाटावर बसवून मापं घ्यावीत, तसलाच प्रकार. जोडी जमली असा संदेश आत गेला की तीन गोष्टी होतात. रॅग थोडा वेळ थांबतं, दुसऱ्या गुणसूत्रावरची बीटा बंद होते, आणि पेशी भराभर विभागते. तिसरी गोष्ट मला फार हुशारीची वाटते. एकाच यशस्वी बीटाच्या कितीतरी लेकी तयार होतात आणि प्रत्येक लेक आपापली वेगळी अल्फा जोडते. कष्टानं मिळालेलं एक बी शंभर ठिकाणी टोकलं.

आता पेशीवर सीडी-४ आणि सीडी-८ दोन्ही आहेत. अल्फाची जोडणी सुरू होते, आणि इथं नियम सैल. पहिली जोडणी जमली नाही तर त्याच गुणसूत्रावर आणखी मागचा व्ही आणि आणखी पुढचा जे घेऊन पुन्हा प्रयत्न, मग पुन्हा. तीन-चार दिवस हेच चालतं. दुसरं गुणसूत्रही बंद केलं जात नाही, म्हणून बऱ्याच टी पेशींत दोन-दोन अल्फा साखळ्या सापडतात.

मग दोन चाळण्या. पहिली थायमसच्या बाहेरच्या भागात: रिसेप्टर स्वतःच्या एचएलएला निदान हलकासा तरी हात लावतो का? नाही लावला तर कुणी मारायलाही येत नाही, पेशी दुर्लक्षानंच मरते. बहुतेक याच चाळणीत जातात. एचएलएच्या पहिल्या वर्गाशी जमलं तर पेशी सीडी-८ ठेवते, दुसऱ्याशी जमलं तर सीडी-४. दुसरी चाळणी मुख्यतः आतल्या भागात: स्वतःच्या प्रथिनांना घट्ट पकडतोस का? पकडलंस तर तू घातक, जा.

आमच्याकडं दाल मिलमध्ये तूर चाळणीवरून जाते तेव्हा खडा वेगळा, चुनी वेगळी, फटका डाळ वेगळी. मुलांना हे चित्र लगेच कळतं, पण ते एका बाबतीत फसवं आहे. मिलमध्ये शंभर पोत्यांतली बहुतेक तूर डाळ होऊन बाहेर पडते. थायमसमध्ये शंभरातल्या पाचही पेशी जिवंत बाहेर पडत नाहीत. कुठल्या मिलवाल्यानं असा धंदा केला असता तर मोंढ्यात त्याला कुणी उभं केलं नसतं.

थायमस छातीत. स्वादुपिंडातलं इन्सुलिन त्याला कसं माहीत?

हा प्रश्न मला एका मुलीनं विचारला होता आणि त्या दिवशी मी तास तिथंच सोडून यावरच बोललो. थायमसच्या आतल्या भागातल्या काही पेशींत एअर नावाचं जनुक चालू असतं. त्याच्यामुळं इन्सुलिनसकट शरीरातल्या इतर अवयवांची हजारो प्रथिनं तिथं थोडी थोडी बनतात आणि नमुना म्हणून मांडली जातात. मोंढ्यात पोत्यातला मूठभर माल दाखवतात तसं. एअर बिघडलेल्या मुलांमध्ये शरीर एकामागून एक स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करतं.

एवढी छाननी असून संधिवात, टाइप-१ मधुमेह होतातच की!

होतात, कारण सगळे नमुने थायमसमध्ये पोचत नाहीत आणि हलकेच पकडणाऱ्या पेशी सुटून जातात. त्यांना आवरायला बाहेर नियामक टी पेशी असतात. त्यांच्याच शोधासाठी २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. चाळणी आणखी बारीक केली तर? तर स्वतःवरचे हल्ले घटतील, पण जंतू ओळखणारेही कमी उरतील.

गॅमा-डेल्टा टी पेशी वेगळ्या का?

रिसेप्टरच्या साखळ्या वेगळ्या, पद्धत तीच. रक्तातल्या टी पेशींत त्यांचा वाटा थोडा. गमतीची गोष्ट म्हणजे डेल्टाचे तुकडे अल्फाच्या तुकड्यांच्या पोटातच बसलेले आहेत, त्यामुळं अल्फा जोडताना डेल्टा आपोआप कापला जातो.

ॲन्टिबॉडीतही हेच होतं ना?

जोडणी हीच, रॅग हेच. पण ॲन्टिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जंतू आल्यानंतरही ॲन्टिबॉडीच्या जनुकात बारीक बदल करत राहतात आणि पकड सुधारत नेतात. टी पेशींना ती मुभा नाही. थायमसची परीक्षा देऊन बाहेर पडल्यावर उत्तरपत्रिकेत खाडाखोड करू दिली, तर त्या परीक्षेला अर्थ काय राहिला?

एकसारख्या जुळ्या भावंडांचे रिसेप्टर सारखे असतात का?

तुकडे सारखे, एचएलए सारखे, पण सांधे ज्याचे त्याचे. काही सोप्या घडणीचे, कमी एन-अक्षरांचे रिसेप्टर मात्र अनोळखी माणसांतही सारखे सापडतात.

वय झालं की काय?

थायमस लहानपणी जोमात असते. वयात आल्यावर तिच्या जागी हळूहळू चरबी साठते आणि नवा माल कमी होतो. आधीच्या पेशी विभागून संख्या टिकवतात, प्रकार मात्र घटत जातात.

काढा, गुळवेल, बूस्टर गोळ्या घेतल्यानं रिसेप्टरांची विविधता वाढते का?

नाही. कोणता तुकडा कुठं जोडायचा हे गोळीच्या डबीवर लिहिलेलं वाचून रॅग ठरवत नाही.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. त्याचा याच्याशी संबंध लावायलेत लोक, खरं आहे का?

हा प्रश्न एका पालकानं दबक्या आवाजात विचारला होता. उत्तर मोकळेपणानं द्यायला हवं, कारण मराठवाड्यात बहीण-भावांच्या लेकरांची सोयरीक ही जुनी आणि मानाची रीत आहे, आणि हा आजार रीतीला दोष देऊन बरा होत नाही.

रॅग-१, रॅग-२ किंवा आर्टेमिस यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तुकडे जोडलेच जात नाहीत. टी पेशी नाहीत, बी पेशीही नाहीत. हा स्किड नावाच्या, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसण्याच्या आजाराचा एक प्रकार. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत असतो, त्याला कळतही नाही. आता समजा एका आजोबांकडं अशी एक बिघडलेली प्रत आहे. ती एखाद्या नातवंडाकडं यायची शक्यता चारात एक. आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी दोघांकडंही यायची शक्यता सोळात एक. त्यांच्या लेकराला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळायची शक्यता चौसष्टात एक. अशी प्रतच घराण्यात नसेल तर प्रश्नच नाही. पण एकदा असं लेकरू झालं, की त्याच जोडप्याच्या पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक होते. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

आमच्या गावाकडच्या एका घरात लागोपाठ दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. तोंडात न हटणारी पांढरी बुरशी, जुलाब, न्यूमोनिया. शहरातल्या दवाखान्यात 'कमजोर आहे' एवढंच सांगितलं, घरी दृष्ट काढणं चाललं. तपासणी झालीच नाही, त्यामुळं तो हाच आजार होता असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या वेळी तरी कुणीतरी साध्या सीबीसीतला लिम्फोसाइटचा, म्हणजे टी आणि बी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा, आकडा बघायला हवा होता, असं आजही वाटतं. तान्ह्या बाळात तो मायक्रोलिटरला ३,०००च्या खाली असेल तर शंका घ्यावी. आकडा बरा असला म्हणून निर्धास्तही होऊ नये. ओमेन सिंड्रोममध्ये रॅग अर्धवट चालतं, मोजक्याच प्रकारच्या टी पेशी बेसुमार वाढतात, बाळाची कातडी लाल होऊन सोलते आणि आकडा चांगला दिसतो.

आधीचं लेकरू असं गेलं असेल तर पुढच्या बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांना सांगा. आपल्याकडं जन्मतःच बीसीजी टोचतात. ती जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. इतर बाळांना ती लाभाचीच, पण स्किडच्या बाळात ते जंतू अंगभर पसरू शकतात. म्हणून अशा घरात टोचण्याआधी विचारायचं. लस नाकारायची नाही, विचारायचं. उपाय म्हणजे मगज प्रत्यारोपण, आणि ते संसर्ग व्हायच्या आधी, पहिल्या काही महिन्यांत झालं तर बहुतेक बाळं वाचतात. सख्ख्या भावंडाचं एचएलए जुळायची शक्यता चारात एक.

आणि हेही सांगायला हवं: स्किड मुलग्यांना आईकडून, एक्स गुणसूत्रातूनही येतो. तिथं नात्यातल्या लग्नाचा काही संबंध नसतो.

टी पेशी नीट बनतात का, हे जन्मल्याबरोबर कळू शकतं का?

कळतं, आणि पद्धत सुंदर आहे. अल्फा जोडताना कापून काढलेला डेल्टाचा भाग फेकला जातो म्हटलं ना, तो गोल कडं होऊन पेशीतच पडून राहतो. पेशी विभागली तरी त्या कड्याची नक्कल होत नाही. म्हणजे रक्तात कडी सापडली की थायमसमधून ताज्या पेशी निघतायत असं समजायचं. बाळाच्या टाचेतून काढलेल्या थेंबात ही कडी मोजतात. अमेरिकेत विस्कॉन्सिननं २००८मध्ये सगळ्या नवजात बाळांसाठी हे सुरू केलं, २०१८च्या अखेरीला सगळ्या राज्यांत पोचलं. सुताराच्या दुकानात काम चालू आहे का हे जमिनीवरच्या ताज्या भुश्शावरून ओळखावं, तसं.

नीटला यातलं किती येतं?

फार थोडं. टी पेशी, थायमस, ॲन्टिबॉडीचे प्रकार एवढं पक्कं करा आणि पुढं जा. हे पान मार्कांसाठी नाही.

ही कापाकापी आपल्याकडं आली कुठून?

रॅगचं वागणं उड्या मारणाऱ्या जनुकांसारखं आहे, जी स्वतःला एका जागेवरून कापून दुसरीकडं चिकटवतात. १९९८मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवलं की परीक्षानळीत रॅग अजूनही तसं करू शकतं. २०१६मध्ये समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या लॅन्सलेट या माशासारख्या प्राण्यात रॅगचा चुलता सापडला, तो उडी मारणाऱ्या जनुकाच्याच रूपात. तर्क असा, की पन्नासेक कोटी वर्षांपूर्वी असलं एक जनुक एका जुन्या रिसेप्टरच्या जनुकात घुसलं आणि ते मधोमध तुटलं. ते पुन्हा जोडायचं तर घुसखोराला कापून काढणं भाग होतं. दोन्ही बाजूंच्या सात-नऊ अक्षरांच्या खुणा म्हणजे त्याच घुसखोराच्या दोन कडा. शार्कपासून माणसापर्यंत जबड्याच्या सगळ्या प्राण्यांत हीच पद्धत आहे. बिनजबड्याच्या लॅम्प्रे माशांकडं ती नाही. त्यांनी वेगळ्याच प्रथिनांपासून स्वतःचे रिसेप्टर घडवलेत.

हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे चोर घरात घुसला अन् आपण त्यालाच कात्री देऊन शिंपी करून ठिवलं, व्हय सर?"

व्हय. अन् पगारावर अजून आहे.